उजेडाचा पल्ला : फिल्म आणि डिजिटल कॅमेरा

आमच्या कपाटात दोन छायाचित्रे एकाच पाकिटात ठेवलेली आहेत. दोन्ही कारखान्याच्या शेडमधली, दोन्ही भर दुपारची, आणि दोन्हींचा विषय एकच : आगीच्या वेळी कामगारांना बाहेर पडता यावे म्हणून ठेवलेला मागचा दरवाजा. पहिले १९९६ साली फिल्मवर घेतलेले, दुसरे २०१९ साली मोबाईलवर. पहिल्याने आमचे काम केले. दुसऱ्याने आम्हांला तोंडघशी पाडले. यावरून जुने यंत्र चांगले आणि नवे वाईट असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. दोष यंत्राचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता. ते अज्ञान दूर करताना जे कळले ते श्रोत्यांपुढे व वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिल्या चित्राची हकीकत अशी. त्या कारखान्यात मागच्या दरवाजाबाहेर रसायनांची रिकामी-भरलेली पिंपे छातीइतक्या उंचीपर्यंत रचून ठेवीत. दरवाजा उघडा, पण वाट बंद. त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे असा मार्ग मोकळा ठेवणे व्यवस्थापनावर बंधनकारक होते. आम्ही गावातल्या एका स्टुडिओवाल्यांना गळ घातली. त्यांनी शेडच्या आतून एक कृष्णधवल छायाचित्र घेतले. प्रिंट हाती आली तेव्हा आतली यंत्रे स्वच्छ दिसत होती, परंतु दरवाजाच्या जागी नुसता पांढरा चौकोन होता. चौकशीत व्यवस्थापनाच्या बाजूने सांगण्यात आले की, दरवाजातून एवढा उजेड येत आहे, म्हणजे वाट मोकळीच आहे! आम्ही निरुत्तर झालो. स्टुडिओवाले मात्र हसले. "प्रिंटवर नाही, पण निगेटिव्हवर आहे," असे म्हणून ते डार्करूममध्ये गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जी प्रिंट आणून दिली तिच्यात त्याच चौकोनात एकावर एक रचलेली पिंपे दिसत होती. आठवड्याच्या आत ती हलविण्यात आली.

पांढऱ्या चौकोनातून पिंपे कशी बाहेर आली? या प्रश्नाच्या उत्तरातच आपला आजचा विषय दडलेला आहे.

पल्ला म्हणजे काय?

भर दुपारी उघड्यावर जो प्रकाश पडतो तो सुमारे एक लाख लक्स असतो. लक्स हे उजेड मोजण्याचे माप आहे. त्याच वेळी शेडच्या आतल्या कोपऱ्यात शंभर लक्स असले तरी पुष्कळ. म्हणजे बाहेरचा उजेड आतल्याच्या हजारपट. आता दुसरी गोष्ट पाहा. पांढरा कागद आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी शंभरातले नव्वद भाग परत फेकतो, तर काळे कापड तीनच भाग. हा फरक तीसपटीचा. तेव्हा आतल्या काळ्या कापडाची चकाकी आणि बाहेरच्या पांढऱ्या कागदाची चकाकी यांत हजार गुणिले तीस, म्हणजे तीस हजारपटीचे अंतर पडते. आपले डोळे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फिरताना क्षणोक्षणी स्वतःला जुळवून घेतात व मेंदू त्यांचे एक चित्र बनवितो. म्हणून आपल्याला या अंतराची जाणीव होत नाही. कॅमेऱ्याला एकाच उघडझापीत सर्व काही पकडावे लागते. अगदी काळोख्या व अगदी उजळ, अशा ज्या दोन टोकांमधला तपशील त्याला एका वेळी पकडता येतो, त्या टोकांमधील प्रमाणाला 'डायनॅमिक रेंज' म्हणतात. आम्ही त्याला उजेडाचा पल्ला म्हणू.

हा पल्ला मोजण्याची रीत दुपटीची आहे. उजेड दुप्पट झाला की एक पायरी. छायाचित्रकार तिला 'स्टॉप' म्हणतात. दुपटीचा हिशोब संघटनेत काम करणाऱ्याला चटकन कळतो. एका सभासदाने पहिल्या आठवड्यात एक सभासद आणला, पुढे प्रत्येकाने दर आठवड्यास एकेक आणला, तर दहा आठवड्यांनी संघटनेत १,०२४ माणसे होतात आणि चौदा आठवड्यांनी १६,३८४. अधिक चार आठवड्यांत संख्या सोळापट! म्हणून दहा पायऱ्यांचा कॅमेरा आणि चौदा पायऱ्यांचा कॅमेरा यांत फरक चाराचा दिसला तरी तो सोळापटीचा असतो, हे ध्यानात ठेवावे. आपल्या शेडचे तीस हजारपटीचे अंतर या हिशोबाने जवळजवळ पंधरा पायऱ्यांचे भरते. आता हे अंतर कोण किती पेलतो ते पाहू.

फिल्मची रीत

फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या क्षारांचे असंख्य सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. स्फटिकावर प्रकाशाचे कण पडले की त्याच्यात चांदीचे काही अणू मोकळे होतात. असे निदान तीन-चार अणू एका जागी जमले, तरच तो स्फटिक पुढे रसायनात बुडविल्यावर संपूर्ण काळा पडतो. एकटादुकटा अणू टिकत नाही. थोड्या वेळात तो पुन्हा पूर्वस्थितीला जातो. यातून पहिली गोष्ट निष्पन्न होते : अंधाऱ्या भागातून प्रकाशाचे फारच थोडे कण आले, तर फिल्मवर त्यांची नोंदच राहत नाही. तेथे निगेटिव्ह कोरीच निघते, आणि कोऱ्या निगेटिव्हमधून जगातला कोणताही कारागीर चित्र काढू शकत नाही.

उजेडाच्या टोकाला मात्र परिस्थिती उलट असते. स्फटिक सगळे एका आकाराचे नसतात. मोठे स्फटिक अधिक संवेदनशील. ते आधी खर्ची पडतात. लहान मागे राहतात व उजेड आणखी वाढेल तसतसे एकेक करून कामास येतात. त्यामुळे फिल्म एकदम भरत नाही. हळूहळू थकत जाते. थकत असतानाही ती जास्त उजेड आणि त्याहून जास्त उजेड यांतला भेद थोडाथोडा लिहून ठेवते.

हे सर्व पद्धतशीर मोजले ते फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड या दोघांनी. इंग्लंडमधल्या विडनेस गावच्या एका क्षार-कारखान्यात ते नोकरीस होते. छायाचित्रण हा त्यांचा फावल्या वेळचा छंद. प्रकाश किती पडला व निगेटिव्ह किती काळी झाली यांचा संबंध दाखविणारा आलेख त्यांनी १८९० साली प्रसिद्ध केला. इंग्रजी एस या अक्षरासारखा तो आलेख आहे. खालचे वळण म्हणजे अंधाराची बाजू, मधली सरळ चढण म्हणजे जेथे भेद चोख उमटतो तो भाग, आणि वरचे सावकाश वळण म्हणजे वर सांगितलेला थकवा. कारखान्यात राबून उरलेल्या वेळात मनुष्य शास्त्रात केवढी भर घालू शकतो, याचे हे एक उदाहरण होय.

सर्व फिल्मींचा पल्ला मात्र सारखा नाही. पडद्यावर थेट दाखविण्याच्या पारदर्शक रंगीत स्लाइडचा पल्ला पाचसहा पायऱ्यांचा, फार तर सातांचा. तिच्यावर चूक खपत नाही. निगेटिव्हचा पल्ला याच्या सुमारे दुप्पट, म्हणजे बारातेरा पायऱ्यांपर्यंत जातो. चित्रपटांसाठी तयार होणाऱ्या अलीकडच्या काही निगेटिव्ह फिल्मी चौदाच्याही आसपास पोहोचतात.

मग पहिल्या प्रिंटवर पिंपे का दिसली नाहीत? कारण कागद. उत्तम चकचकीत कागदावरच्या सर्वांत पांढऱ्या व सर्वांत काळ्या भागांत जेमतेम शंभरपटीचे अंतर असते, म्हणजे साडेसहा पायऱ्या. निगेटिव्ह ही मोठी खतावणी आणि प्रिंट ही तिच्यातून काढलेली लहान चिठ्ठी. चिठ्ठीत सगळी खतावणी मावत नाही. काय घ्यायचे ते लिहिणाऱ्याने ठरवायचे. स्टुडिओवाल्यांनी दुसऱ्या खेपेस आतला भाग पुठ्ठ्याने झाकून धरला व दरवाजाच्या भागावर अधिक वेळ प्रकाश सोडला. खोटे त्यात काही नव्हते. खतावणीत लिहिलेलेच त्यांनी चिठ्ठीवर उतरविले.

डिजिटलची रीत

डिजिटल कॅमेऱ्यात चांदी नाही. तेथे सिलिकॉनच्या चकतीवर लाखो-कोट्यवधी बारीक खाचा असतात. या विद्येची एक पायरी विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत रचली. त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला हाती धरण्याजोगा डिजिटल कॅमेरा बनविला. शंभर गुणिले शंभर बिंदूंचे एक चित्र टेपवर उतरायला त्याला तेवीस सेकंद लागत.

प्रत्येक खाच म्हणजे पावसात ठेवलेला एक माठ समजा. प्रकाशाचे कण पडतात तसे इलेक्ट्रॉन माठात साचतात. उजेड दुप्पट तर इलेक्ट्रॉन दुप्पट. हिशोब अगदी सरळ रेषेत चालतो. येथे थकवा नाही, वळण नाही. पण माठ काठोकाठ भरला की पुढचे सगळे पाणी वाहून जाते. माठ भरल्यावर एक घागर पडली की शंभर घागरी, याचा माठाला पत्ता नसतो. त्या बिंदूपुरती नोंद एकच : 'भरला.' चित्रात तो भाग शुद्ध पांढरा उमटतो, आणि त्याच्या मागे लपलेले असे काहीही नसते.

तळाच्या बाजूला मर्यादा आहे ती गोंधळाची. माठातले पाणी मोजताना मोजणाऱ्याचा हात थोडा हलतो. विजेच्या उपकरणात तसाच थोडा खळखळाट असतो. उदाहरणादाखल असे धरू की, मोठ्या कॅमेऱ्याच्या एका खाचेत ५०,००० इलेक्ट्रॉन मावतात व मोजणीत तीन इलेक्ट्रॉनांची चूक होते. ५०,००० ला तिनाने भागले की सुमारे १६,७०० येतात. म्हणजे चौदा पायऱ्या. मोबाईलच्या चिमुकल्या खाचेत ५,००० मावले आणि चूक दोनांची झाली, तर २,५००. म्हणजे अकराहून थोड्या अधिक पायऱ्या. मोबाईल आणि मोठा कॅमेरा यांतला भेद बव्हंशी या माठाच्या आकाराचा आहे.

यात आणखी एक मेख आहे. खुद्द प्रकाशच पावसासारखा अनियमितपणे पडतो. सरासरी शंभर कण पडायचे असतील तर कधी नव्वद पडतात, कधी एकशेदहा. दहा हजार पडायचे असतील तर चूक शंभराची, म्हणजे शेकडा एक. जेथे कण थोडे तेथे चित्र खरखरीत दिसते, ते यामुळे. आणि अंधारात चित्र उजळ यावे म्हणून कॅमेऱ्याची 'आयएसओ' संख्या वाढविली की माठ मोठा होत नाही. उलट तो अर्धा, पाव भरल्यावरच 'भरला' असे आपण मानू लागतो. संख्या दुप्पट केली की साधारणपणे एक पायरी गमावली असे समजावे.

तुलना

आता दोघांना शेजारी ठेवू. आकड्यांपुरते बोलायचे तर आजचा चांगला मोठ्या आकाराचा डिजिटल कॅमेरा, कमी आयएसओवर, चौदा पायऱ्यांच्या आसपास जातो व बहुतेक फिल्मींची बरोबरी करतो किंवा त्यांना मागे टाकतो. पहिल्या पिढीतले डिजिटल कॅमेरे या बाबतीत निगेटिव्हपुढे उणे पडत. तो काळ संपला. परंतु जाहिरातीतला आकडा वाचताना एक गोष्ट विसरू नये. डिजिटलचा तळ पुष्कळदा चित्र आणि खळखळाट समसमान होतात त्या बिंदूपासून मोजतात. अशा ठिकाणी काही आहे एवढे कळेल, पण चेहरा ओळखता येईलच असे नाही. वापरण्याजोगा पल्ला नेहमीच छापील आकड्यापेक्षा दोनतीन पायऱ्यांनी कमी धरावा.

खरा भेद आकड्यात नसून स्वभावात आहे. फिल्म उजेडाकडे उदार, अंधाराकडे कंजूष. डिजिटल अंधाराकडे उदार, उजेडाकडे निष्ठुर. निगेटिव्हला गरजेपेक्षा दोन पायऱ्या उजेड अधिक दिला तरी ती निभावून नेते. दोन पायऱ्या कमी दिला तर छाया कायमच्या जातात. डिजिटलमध्ये अंधारलेले चित्र मागाहून पुष्कळ उजळता येते. उजेडात करपलेले परत आणता येत नाही. म्हणून नियमही उलटे. फिल्मसाठी प्रकाश ठरवावा तो छायेकडे पाहून. डिजिटलसाठी ठरवावा तो उजळ भागाकडे पाहून.

२०१९ साली आमची फसगत झाली ती येथेच. दुसरा कारखाना, तशीच शेड, तसाच दरवाजा, बाहेर या वेळी लोखंडी भंगार. एका तरुण कामगाराने खिशातून फोन काढला. आम्ही जुन्या अनुभवाच्या भरवशावर मोठ्या ऐटीत त्याला सांगितले, "आतल्या यंत्रावर बोट टेकव, आतले स्वच्छ येऊ दे, बाहेरचे आपण मागून काढू." त्याने तसे केले. दरवाजाचा चौकोन पांढरा आला. घरी संगणकावर तो गडद करून पाहिला, तर पांढऱ्याचा करडा झाला आणि सपाट करडाच राहिला. भंगाराचा एक तुकडाही त्यात नव्हता. दुसऱ्या दिवशी परत गेलो तोवर वाट झाडून साफ केलेली होती. आणि आमची तक्रार खोडसाळ ठरली. त्या मुलाने बोट बाहेरच्या उजेडावर टेकवले असते तर आतले चित्र अंधारले असते, पण ते मागून निदान काही अंशी उजळता आले असते. चुकीचा सल्ला आमचा होता. बोलणी मात्र त्याला खावी लागली. ती खंत अजून गेलेली नाही.

खतावणी आणि चिठ्ठी हा भेद डिजिटललाही लागू आहे. कॅमेऱ्यातील मूळ नोंद, जिला 'रॉ' म्हणतात, बहुधा चौदा अंकस्थानांची असते. तीत १६,३८४ दर्जे लिहिता येतात. हिशोब सरळ रेषेचा असल्यामुळे यातले निम्मे, म्हणजे ८,१९२, एकट्या सर्वांत उजळ पायरीच्या वाट्याला जातात. दहाव्या पायरीला उरतात अवघे सोळा. आपल्याला मिळणाऱ्या नेहमीच्या 'जेपेग' चित्रात तर प्रत्येक रंगाचे २५६ च दर्जे असतात. कॅमेऱ्याने आपल्या समजुतीने काढून दिलेली ती चिठ्ठी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेले चित्र ही त्या चिठ्ठीचीही नक्कल. पुराव्याचे काम असेल तर मूळ नोंद जपलीच पाहिजे.

दोन चित्रांचे एक

पंधरा पायऱ्यांचे दृश्य एका उघडझापीत मावत नसेल तर दोन वेळा उघडझाप करावी, ही युक्ती जुनीच आहे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकात समुद्राची काही चित्रे आकाशाची एक व पाण्याची एक अशा दोन निगेटिव्हा जोडून छापली. तेव्हाच्या काचांवर आकाश नेहमी करपून जाई. पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनी १९९७ साली वेगवेगळ्या प्रकाशात घेतलेल्या अनेक छायाचित्रांतून दृश्याचा पुरा पल्ला गणिताने परत कसा उभा करावा हे दाखविले. आजचे बरेचसे फोन एका टिचकीसरशी अनेक चित्रे घेतात व ती आपोआप जोडतात. सोय मोठी आहे; पण ते चित्र म्हणजे यंत्राने केलेली बेरीज आहे, हे चौकशीत कोणी विचारील तर सांगता आले पाहिजे.

हा प्रश्न कोणाचा?

कोणी म्हणेल, ही छायाचित्रकारांची बाब. चळवळीतल्या माणसाने तिच्यात का शिरावे? आमचे उत्तर असे की, पल्ला अपुरा असला म्हणजे काहीतरी वगळावे लागते, आणि काय वगळायचे हे जेव्हा कोणी जाणूनबुजून ठरवीत नाही तेव्हा तोटा नेहमीच्याच माणसांचा होतो. सभेच्या जुन्या चित्रांत मंचावरच्या पांढऱ्या कपड्यांतले पाहुणे स्वच्छ दिसतात आणि झाडाच्या सावलीत बसलेली, उन्हात काम करून रापलेली माणसे नुसती काळी आकृती होऊन राहतात. कॅनडातील अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी २००९ साली लिहिलेल्या निबंधात दाखविले आहे की, अनेक वर्षे रंगीत छपाईचे माप गोऱ्या स्त्रीच्या छायाचित्रावरून लावले जात असे, आणि गडद छटा नीट उमटाव्यात म्हणून फिल्ममध्ये सुधारणा होण्यास चॉकलेट व लाकडी सामान विकणाऱ्यांच्या तक्रारीही कारणीभूत झाल्या. माणसांच्या चेहऱ्यांआधी टेबलखुर्च्यांची दाद लागली!

या स्थित्यंतरात हातांचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. ज्या कोडॅकमध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जन्मला, तिने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे उटीला १९६० साली सरकारने हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना स्थापला. 'इंदू' छापाची फिल्म तेथे बने. तोही बंद पडला. नव्या यंत्राचा आम्ही द्वेष करीत नाही. पण जुन्या यंत्राबरोबर कोणाचे हात रिकामे झाले, हा प्रश्न विचारण्याचा हक्क आम्ही सोडणार नाही.

शेवटी व्यवहाराची गोष्ट. कामाच्या जागेचे छायाचित्र घ्यायचे असेल तर एकावर थांबू नये. निदान दोन घ्यावी, एक उजेडासाठी, एक अंधारासाठी. एकच घेता येत असेल तर फोनवर बोट उजेडावर टेकवावे. मूळ चित्र कोणाला पाठविण्यापूर्वी एका जागी जपून ठेवावे. त्या तरुण कामगाराला हे सर्व आम्ही पुढे समजावून सांगितले. आता तो इतरांना सांगतो, आणि सांगताना आमची फजितीही सांगतो. त्याला आमची हरकत नाही.